कौल, तस्लीम आणि ताबा

इंग्रजी भाषेंत ‘यील्ड’ हा लहानसा शब्द तीन कामें करितो. झाडानें फळ दिलें तर तो लागू पडतो, भांडवलानें व्याज दिलें तरी तोच, आणि किल्लेदारानें शत्रूपुढें निशाण उतरविलें तरीहि तोच. अरबी भाषेंत त्याचें भाषांतर करूं पाहणारा पहिल्याच पायरीवर अडतो. कारण तेथें शेताचें देणें निराळें आणि माणसाचें नमणें निराळें. हा प्रश्न कोशकारांपुरताच असता तर त्याची वाच्यता करण्याचें कारण नव्हतें. पण या दोन्ही अर्थांचे अरबी शब्द फारशीच्या वाटेनें मराठींत आले, दप्तरांत रुजले, आणि बेलापूर-पनवेलच्या ज्या किनाऱ्यावर आज नवी मुंबई उभी आहे, तेथें त्यांनीं माणसांच्या घरादाराचा निकाल केला.

मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ ‘फेडणें’ असा होता. जर्मन भाषेंतील पैशाचा वाचक ‘गेल्ट’ हा त्याचा भाऊबंद. आधीं ऋण फेडणें, मग जमिनीनें पीक देणें, आणि शेवटीं बळवंताला वाट देणें, अशा पायऱ्यांनीं तो उतरत गेला. अरबींत पिकाच्या अर्थीं ‘महसूल’ आहे. जें निष्पन्न झालें, हाताशीं आलें, तें महसूल. मराठींत मात्र याच शब्दाचा अर्थ सरकारचा सारा असा झाला; शेतांत काय आलें हें सांगणारा शब्द सरकारांत काय गेलें हें सांगूं लागला. शेतकऱ्याचा सगळा इतिहास या एका अर्थांतरांत सांपडावा, हें नवलच म्हणावयाचें. दुसरा शब्द ‘गल्ला’. तो धान्याच्या राशीवरून उठून वाण्याच्या पेटींत जाऊन बसला.

नमण्याच्या अर्थीं अरबींत शब्दांची ददात नाहीं. ‘खुदूअ’ म्हणजे मान खालीं घालणें. ‘इन्कियाद’ म्हणजे दोरी धरून नेलेल्या जनावराप्रमाणें मागें जाणें. ‘तनाजुल’ म्हणजे आपल्या हक्कावरून खालीं उतरणें. या सर्वांहून मानी शब्द ‘तस्लीम’. सलाम, सलामत, इस्लाम हे सारे त्याच धातूचे. धातूचा अर्थ सुखरूप असणें, अखंड असणें. म्हणून तस्लीम करणें म्हणजे वस्तु धडपणें दुसऱ्याच्या स्वाधीन करणें. युद्धांतील शरणागतीला अरबींत ‘इस्तिस्लाम’ म्हणतात, तोहि याच धातूचा. अकबराच्या दरबारांतील तस्लीमेचें वर्णन अबुल फजलानें ‘आईन-इ-अकबरी’ ग्रंथांत केलें आहे. उजव्या हाताची मागची बाजू जमिनीला टेकवावयाची, हात सावकाश उचलीत उभें राहावयाचें, आणि तळवा मस्तकावर ठेवावयाचा. आपण स्वतःलाच नजराणा म्हणून देण्यास सिद्ध आहों, असा त्याचा आशय.

मराठ्यांच्या व्यवहारांत मात्र तस्लीमेपेक्षां ‘कौल’ हा शब्द अधिक कामाचा ठरला. अरबींत त्याचा अर्थ नुसता ‘बोल’. किल्ला टिकत नाहींसा झाला म्हणजे आंतील लोक कौल मागत. जीवितास व चीजवस्तूस अपाय होणार नाहीं असें वचन मिळालें म्हणजे दरवाजा उघडत. येथें नमणाऱ्याच्या पदरांतहि कांहीं पडतें, आणि जिंकणाराहि आपल्या शब्दानें बांधला जातो. वसईचें उदाहरण प्रसिद्ध आहे. १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी आप्पांपुढें पोर्तुगीजांनीं हात टेकले, तेव्हां मराठ्यांची माणसें त्या वेढ्यांत अतोनात पडलीं होतीं. तरीहि शिबंदीला शस्त्रें घेऊन, ढोल वाजवीत, निशाणें फडकवीत बाहेर पडण्याची मोकळीक मिळाली, आणि गांव रिकामें करण्यास आठ दिवसांची मुदत मिळाली. दिलेला शब्द पाळला गेला. बेलापूरचा किल्लाहि अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आला, व १८१७ सालीं इंग्रजांकडे गेला. त्याचे पडके अवशेष खाडीकांठीं अजून उभे आहेत.

कौल शेतकऱ्यालाहि मिळे. ओसाड जमीन लागवडीस आणणाऱ्यास, खाडीचें पाणी बांधानें अडवून खारींत भात पिकविणाऱ्यास पहिलीं कांहीं वर्षें सारा हलका ठेवण्याचें वचन तो देई. इंग्रजी शब्दांतील पीक देणें आणि वाट देणें हे दोन अर्थ मराठींत जर कोठें एकत्र आले असतील तर या कौलांत. शिवाजीमहाराजांच्या आज्ञेनें झालेल्या राजव्यवहारकोशानें यावनी शब्दांना संस्कृत पर्याय दिले; दुर्गवर्ग नांवाचें एक प्रकरणच त्यांत आहे. पण कबूल, राजी, कौल, महसूल हे शब्द लोकांच्या तोंडून गेले नाहींत.

‘ताबा’ हाहि गेला नाहीं. अरबी ‘ताबिअ’ म्हणजे मागून चालणारा, अनुयायी. मराठींत ‘ताबेदार’ या शब्दांत तो माणूस अजून दिसतो. ‘ताबा’ या शब्दांत माणूस नाहींसा होऊन नुसती सत्ता उरली. ‘कब्जा’ याच्या उलट. तो मुठीचा वाचक. सातबाराच्या उताऱ्यांत शेतकरी कब्जेदार म्हणून, म्हणजे मूठ आवळलेला म्हणून, नोंदलेला असे.

ती मूठ उघडण्याची वेळ १९७० नंतर आली. त्या वर्षीं सिडको स्थापन झाली, आणि ठाणें, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गांवांच्या जमिनी नव्या शहरासाठीं घ्यावयाच्या ठरल्या. कायदा १८९४ सालचा. त्यांत नोटीस होती, मोबदला होता, ताबा घेणें होतें. परंतु जुन्या अर्थाचा कौल नव्हता. शेत गेल्यावर खाणाऱ्यानें काय करावें, याचें वचन त्यांत कोणी दिलेलें नव्हतें. आगरी, कोळी व कऱ्हाडी कुटुंबांच्या भातखाचरांवर आणि मिठागरांवर भराव पडूं लागला. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं शेतकरी उठले. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजीं जासई परिसरांत पोलिसांच्या गोळीबारांत पांच जण मृत्यु पावले.

पुढें संपादित जमिनीच्या १२.५ टक्के इतका विकसित भूखंड मूळ शेतकऱ्यास परत देण्याचें धोरण आलें. त्या भूखंडाच्या कागदावरहि ‘ताबा’ हाच शब्द. या वेळीं घेणारा शेतकरी, देणारी सिडको. जमीन मात्र मालकीनें मिळाली नाहीं, भाडेपट्ट्यानें मिळाली.