मलकापूरची पलभा

संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो, असे आपण वर्गात सर्रास सांगतो. मलकापुरात सर्वांत लहान दिवस असतो २१-२२ डिसेंबरचा. संक्रांत येईपर्यंत दिवस सहा-सात मिनिटांनी वाढलेलाही असतो. हे आपल्या जुन्या पंचांगकर्त्यांना ठाऊक नव्हते असे मात्र नाही.

कोकणातील नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी शके १४४२ (इ.स. १५२०) च्या सुमारास ‘ग्रहलाघव’ रचला. ज्या-कोटिज्यांची किचकट आकडेमोड त्यांनी टाळली, म्हणून पुढे कित्येक पिढ्या महाराष्ट्रातील पंचांगे याच ग्रंथावरून होत. त्यातील दिनमानाची रीत पाहा. विषुवदिनी १२ अंगुळे उंचीच्या शंकूची माध्यान्हीची सावली मोजायची. तिला पलभा म्हणतात. पलभेला १०, ८ आणि ३⅓ ने गुणले की पुढील तीन राशींत, म्हणजे साधारण तीन महिन्यांत, अर्धा दिवस किती पळांनी वाढेल ते मिळते. (पळ म्हणजे २४ सेकंद.)

मलकापूर सुमारे २१ उत्तर अक्षांशावर आहे. २१ मार्चला शाळेच्या मैदानात १२ सेंटिमीटरची काठी उभी रोवा. घड्याळात बारा वाजता नव्हे, १२ वाजून ३२ मिनिटांच्या सुमारास सावली सर्वांत आखूड, ४.६ सेंटिमीटर भरेल. गुणाकार येतात ४६, ३७ आणि १५. एकूण ९८ पळे, म्हणजे ३९ मिनिटे. तेव्हा जूनमधला मोठा दिवस १३ तास १८ मिनिटांचा. आजच्या गणिताने तो १३ तास २३ मिनिटे येतो. हा फरक मुख्यतः वातावरणाचा: क्षितिजाखालचा सूर्यही त्यामुळे वर दिसतो.

गुणक उतरते का? पृथ्वीचा आस कललेला असल्याने सूर्य मार्चमध्ये उत्तरेकडे झपाट्याने सरकतो आणि जूनमध्ये रेंगाळतो. गणेश दैवज्ञांच्या लेखी पृथ्वी स्थिर होती, तरी त्यांच्या तीन अंकांत २४ अंशांचा कल दडलेला आहे! आजचे मूल्य २३.४. ऋतूही याच कलाचे. डिसेंबरात मलकापुरी माध्यान्हीचा सूर्य जेमतेम ४६ अंश चढतो, आणि दिवसही जूनपेक्षा अडीच तासांनी लहान.

आता संक्रांत. या रीतीसाठी सूर्य ‘सायन’, म्हणजे विषुवबिंदूपासून मोजलेला, घ्यावा असे ग्रहलाघव सांगतो. राशींचा आरंभ आणि विषुवबिंदू यांतील अंतर शके ४४४ ला शून्य धरून तो दरवर्षी एक कला वाढवतो. या हिशेबाने १५२० साली हे अंतर १६ अंश ३८ कला होते. म्हणजे उत्तरायण मकरसंक्रांतीच्या सोळा-सतरा दिवस आधीच सुरू होई. आज ही तफावत सुमारे २४ दिवसांची आहे.