चुकीच्या नावाची गाठ

१९५६ साली अमेरिकेतील येल विद्यापीठाचे विकृतिशास्त्रज्ञ ॲव्हेरिल लीबो यांनी हबेल या सहकाऱ्यासह फुप्फुसातील एका दुर्मिळ गाठीचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांच्यापुढे अवघे सात रुग्ण होते. सूक्ष्मदर्शकाखाली या गाठींत रक्ताने भरलेल्या पोकळ्या आणि घट्ट, तंतुमय झालेले भाग दिसत होते. त्वचेवर होणाऱ्या एका गाठीशी त्यांचे साम्य होते. तेव्हा ही गाठ रक्तवाहिन्यांपासून झाली असावी असे मानून तिला ‘स्क्लेरोझिंग हिमँजिओमा’, म्हणजे कठीण होत जाणारी रक्तवाहिन्यांची गाठ, असे नाव दिले गेले. हे नाव जवळजवळ साठ वर्षे टिकले, आणि ते चुकीचे होते.

त्या काळी उपलब्ध असलेल्या साधनांनी याहून वेगळा निष्कर्ष निघणे अवघड होते. या गाठीत दोन प्रकारच्या पेशी असतात. पृष्ठभागावर चौकोनी पेशींचा थर असतो आणि आत गोल, फिकट पेशींचे समूह. पृष्ठभागावरच्या पेशी म्हणजे गाठीत अडकलेले फुप्फुसाचे नेहमीचे अस्तर, आणि खरी गाठ आतल्या गोल पेशींची, अशी समजूत होती. पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आला, तेव्हा काही पेशींत पापुद्र्यांसारखी कणिका दिसली. वायुकोश मिटू नयेत म्हणून फुप्फुसातील विशिष्ट पेशी जो स्निग्ध द्रव तयार करतात, तो अशाच कणिकांत साठलेला असतो. रक्तवाहिनीच्या पेशीत त्यांचे काय काम? तरीही गोल पेशींचे कोडे सुटले नाही.

ते सोडवण्याचा एक सुंदर मार्ग जपानी संशोधकांनी १९९८ साली वापरला. तो वर्गात सांगण्याजोगा आहे. स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोन क्ष गुणसूत्रे असतात, एक आईकडून आलेले आणि एक वडिलांकडून. गर्भावस्थेच्या आरंभीच प्रत्येक पेशीत त्यांपैकी एक बंद होते. कोणते, ते केवळ योगायोगाने ठरते. मात्र त्या पेशीच्या पुढील सर्व वंशजांत तेच बंद राहते. त्यामुळे निरोगी उतीत दोन्ही प्रकारांचे मिश्रण सापडते. एकाच पेशीपासून वाढलेल्या गाठीत मात्र सर्वत्र एकच गुणसूत्र बंद असते. ही गाठ असलेल्या रुग्णांत सुमारे पाचांपैकी चार स्त्रिया असतात, त्यामुळे ही कसोटी येथे लावता आली. चौकोनी आणि गोल अशा दोन्ही पेशी त्यांनी वेगवेगळ्या तपासल्या. दोन्हींत एकच गुणसूत्र बंद होते. चौकोनी पेशी अडकलेल्या पाहुण्या नव्हत्या, त्या गाठीच्याच होत्या.

२००० साली शंभर रुग्णांच्या गाठींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. टीटीएफ-१ हे प्रथिन मुख्यतः थायरॉइड आणि फुप्फुसाच्या पेशींत आढळते. प्रतिपिंडांच्या साहाय्याने शोध घेता ते दोन्ही प्रकारच्या पेशींत सापडले. म्हणजे ही गाठ श्वसनमार्गाच्या अस्तराच्या आदिम पेशींपासून झालेली होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात मात्र २०१५ साली नाव बदलले आणि ती ‘स्क्लेरोझिंग न्यूमोसायटोमा’ झाली. पुरावा हाती येऊन नाव बदलायला पंधरा वर्षे लागली, हे मला थोडे जास्तच वाटते. पुढच्याच वर्षी यांतील अनेक गाठींत एकेटी-१ या जनुकातील बदल आढळले.

रुग्णाच्या दृष्टीने हा केवळ नावाचा वाद नाही. बहुतेकांना काहीच त्रास नसतो. दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या क्ष-किरण चित्रात नाण्यासारखी गोल सावली दिसते आणि घरादारावर कर्करोगाच्या शंकेचे सावट येते. काहींना खोकल्यातून रक्त पडते. सुईने काढलेल्या चिमूटभर नमुन्यात दोन प्रकारांपैकी एकच पेशी आली, तर कर्करोगाचा भास होऊ शकतो. शस्त्रक्रिया चालू असताना गोठवून घाईने तपासलेल्या कापातही हाच धोका असतो. तेथे चूक झाली, तर फुप्फुसाचा एक अख्खा खंड विनाकारण काढला जाऊ शकतो. एरवी गाठ आणि तिच्या कडेचा थोडा भाग काढणे बहुधा पुरेसे ठरते. केमोथेरपी लागत नाही. क्वचित जवळच्या लसिका ग्रंथींतही या पेशी सापडतात, पण तसे झालेले रुग्णही गाठ काढल्यावर सहसा चांगले राहतात.