पहिल्या तासाचे पैसे कोण भरतं?

पावसाळ्यात भुशीच्या धरणाच्या पायऱ्यांवर बसून भाजलेलं कणीस खाल्लंय ना? ते धरण जीआयपी रेल्वेने बांधलं, वाफेच्या इंजिनांना पाणी हवं म्हणून. त्या इंजिनांवर कामाला लागलेला पोरगा आधी इंजिनं पुसायचा, मग फायरमन होऊन कोळसा मारायचा आणि बऱ्याच वर्षांनी ड्रायव्हर व्हायचा. शिकताना त्याला पगार मिळायचा, कमी का असेना. धरणापासून जवळच आयएनएस शिवाजी आहे, १९४५ पासूनची. तिथे जहाजाची इंजिनं शिकणाऱ्या नौसैनिकालाही सरकारच पैसे देतं.

आता विमान घ्या. नागरी वैमानिक व्हायचं तर शिकणाऱ्यानेच पैसे मोजायचे. व्यावसायिक परवान्याला २०० तासांचं उड्डाण लागतं आणि आजचा खर्च साधारण ४० लाख, कधी त्याच्याही वर. तिन्ही यंत्रंच, मग तिसऱ्याचीच रीत उलटी का? भौतिकशास्त्रात एमएस्सी करून मी इतिहासाकडे वळले ती असल्या प्रश्नांपायी. पीएचडीत मी एकच गोष्ट शोधत असते : मदतीचा पैसा शिकणाऱ्यापर्यंत नेमका कुठल्या टप्प्यावर पोचला?

१९२५ मध्ये ब्रिटन सरकारने हलक्या विमानांच्या क्लबांना अनुदान द्यायला सुरुवात केली. युद्ध झालंच तर उडवता येणारी माणसं हाताशी असावीत, हा त्यामागचा सरळ हिशेब. काही वर्षांत हिंदुस्थान सरकारनेही तोच मार्ग धरला आणि १९२८ मध्ये बॉम्बे फ्लाइंग क्लब उभा राहिला. अनुदान जायचं क्लबकडे. त्यामुळे उड्डाणाचा तास थोडा स्वस्त व्हायचा, पण उरलेले पैसे सभासदाच्या खिशातून. साहजिकच पहिले सभासद कोण असणार? १० फेब्रुवारी १९२९ ला हिंदुस्थानात दिलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला जे. आर. डी. टाटांना. त्यांची हुशारी कुणी नाकारत नाही, पण गिरणी कामगाराच्या मुलाला तो स्वस्त तासही परवडला नसता.

मग आगाखानांचं बक्षीस आलं. इंग्लंड ते हिंदुस्थान, कुठल्याही दिशेने, एकट्याने विमान नेणाऱ्या पहिल्या हिंदी माणसाला ५०० पौंड. १९३० मध्ये तिघे उतरले : मनमोहन सिंग, जेआरडी आणि अस्पी इंजिनिअर. अस्पी तेव्हा १७ वर्षांचा होता! इजिप्तमध्ये अबूकीरला तो स्पार्क प्लगवाचून अडकला होता. उलट दिशेने आलेल्या जेआरडींनी त्याला आपल्याकडचे प्लग दिले, आणि बक्षीस अस्पीनेच जिंकलं. पुढे तो भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला. गोष्ट गोड आहे, मलाही आवडते. पण माझ्या वहीत मी तिच्यासमोर एक खूण केली आहे. हे बक्षीस शेवटच्या टप्प्यावर मिळायचं. ज्याच्याकडे आधीच परवाना आहे आणि ज्याला विमान मिळू शकतं, त्यालाच या शर्यतीत भाग घेता आला.

सुरुवातीलाच पैसे ओतले तर काय होतं? अमेरिकेने ते करून पाहिलं. १९३९ च्या कायद्यानंतर सरकारने कॉलेजांमधून वैमानिक प्रशिक्षण सुरू केलं आणि उड्डाणाचे पहिले ३५ ते ५० तास सरकारी खर्चाने दिले. १९४४ पर्यंत चार लाखांहून जास्त लोक यातून शिकले. टस्कीगी इथल्या कृष्णवर्णीय वैमानिकांचा रस्ताही यातूनच निघाला. मुली आणि शेतकऱ्यांची पोरंही त्यात होती, कारण पहिल्या तासाचं बिल त्यांच्या घरी येत नव्हतं. रसायनशास्त्रात सक्रियण ऊर्जा म्हणतात ना, तसंच. क्रिया पुढे आपोआप चालते, सुरुवातीचा ढकला मात्र बाहेरून लागतो.

आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर क्लबांना अनुदान मिळत राहिलं. पुण्यात हडपसरला ग्लायडिंग सेंटर झालं. विंचने ओढून वर सोडायचं, इंजिन नाही, पेट्रोल नाही, म्हणून स्वस्त. कॉलेजच्या पोरांना तिथे हवेत जाता आलं, पण ग्लायडरवरून एअरलाइनची नोकरी मिळत नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांसाठी केंद्राची शिष्यवृत्ती होती. महाराष्ट्रात अलीकडे महाज्योतीने ओबीसी, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलामुलींचं नागपूर फ्लाइंग क्लबमधलं प्रशिक्षण स्वतःच्या खर्चाने सुरू केलं. मला ही योजना महत्त्वाची वाटते, कारण इथे पैसा माणसासाठी येतो, आणि पहिल्याच तासाला. जागा मात्र हाताच्या बोटांवर मोजता याव्यात इतक्या. शिवाय हा क्लब मध्ये काही वर्षं बंदच होता. फी भरलेली असली तरी विमान उडालं नाही, की वहीत तास चढत नाहीत.

बाकीच्यांना कर्ज. साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला बँक सहसा तारण मागते, आणि आमच्या मावळात तारण म्हणजे सातबारा. एक्सप्रेसवे आणि एमआयडीसीत गेल्यावर जो उरला, तो. म्हणजे पोरीला वैमानिक करायचं की नाही हा प्रश्न घरात शेवटी चुलत्यांच्या सह्यांपर्यंत जातो.

घरात कुणी बारावी सायन्सला असेल आणि हे डोक्यात असेल, तर आधी डीजीसीएची वैद्यकीय तपासणी करून घ्या, ती तुलनेने फार स्वस्त आहे. मग क्लबला फी विचारण्याआधी विचारा : गेल्या वर्षभरात तुमची किती विमानं प्रत्यक्ष उडत होती, आणि तुमच्या विद्यार्थ्यांना २०० तास पूर्ण करायला किती महिने लागले? उत्तर लेखी मागा.