मोटार विमा मुळात कोणासाठी?

१/ मोटारीने पादचाऱ्याला उडवले आणि चालक कफल्लक निघाला, तर भरपाईचा निकाल कागदावरच राही. म्हणून ब्रिटनने १९३० साली ‘थर्ड पार्टी’ विमा सक्तीचा केला.

२/ भारतात १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात ती तरतूद आली. अंमल मात्र १ जुलै १९४६ पासून झाला.

३/ आज या सक्तीच्या विम्याचा हप्ता सरकार ठरवते. एकाच इंजिनक्षमतेच्या खासगी मोटारीला तो सर्व कंपन्यांत सारखाच असतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचे दर २००७ पासून खुले झाले. तुलना करायची ती इथे: गाडीचे घोषित मूल्य, घसारा, स्वतः सोसायची रक्कम.

४/ केवळ सक्तीचा विमा असेल, तर चोरीला गेलेल्या गाडीचा एक रुपयाही मिळत नाही. तो कायदा मालकासाठी नव्हे, रस्त्यावरच्या परक्या माणसासाठी जन्मला.