हिरव्या बिळात

खांदे आवळा. अजून थोडे. आता श्वास सोडा, म्हणजे छाती बोटभर आत जाईल. अडकलात ना? तरी म्हटलं होतं, जेवून येऊ नका!

तुम्ही साडेतीन हजार वर्षं मागे, वेल्सच्या उत्तर किनाऱ्यावरच्या ग्रेट ऑर्म डोंगराच्या पोटात आहात. पुढचं पोरगं उंदरासारखं सुळकन निसटलं, त्याच्या मळक्या टाचा तेवढ्या दिसतायत. काही बिळं तर इतकी अरुंद की पाच-सहा वर्षांच्या पोराखेरीज तिथे कुणाची डाळ शिजायची नाही. पाठीवर पाणी ठिबकतंय, आणि कालच्या जाळाचा धूर अजून घशात खवखवतोय. कठीण खडक इथले खाणकामगार आधी जाळ लावून तडकवतात.

इथे मात्र जाळ नको. चुनखडक कुजून भुसभुशीत झालाय. पोरगं गाईच्या बरगडीने खरवडतं आणि पोपडे पडतात. मग दिव्याच्या उजेडात ते दिसतं: गर्द हिरवं, आत फिकट-गडद वळ्या. मॅलॅकाइट! तांब्याच्या घागरीवर चढणारा हिरवा थर याचाच भाऊबंद. मुळात इथलं तांबं गंधकाला धरून बसलेलं. वरून पाणी आणि हवा झिरपली, ती गंधकाची सोबत सुटली, आणि तांब्याने चुनखडकातल्या कार्बोनेटशी घरोबा केला. सगळी मेहनत पावसाची, आणि वेल्समध्ये पावसाला काय तोटा!

खडा तळहातावर घ्या. सुरीने सहज चरा पडेल, पण आकाराच्या मानाने चांगलाच जड. शुद्ध असेल तर वजनात ५७ टक्के नुसतं तांबं.

बाहेर या. डोळे दिपले? कानही झाका. समुद्रकाठचे गोटे घेऊन माणसं खनिज फोडतायत, ठाक, ठाक, ठाक! काही गोटे वीस किलोंहून जड. चुरा धुऊन, निवडून कोळशाच्या भट्टीत जातो. भात्याजवळ उभं राहाल तर भुवया करपतील. हिरवा चुरा आधी काळा पडतो, ज्वाळेच्या कडेला हिरवट झाक उमटते, आणि शेवटी राखेत सापडतात तांब्याचे लालसर मणी. त्यांच्यात कथील मिसळून कांशाच्या कुऱ्हाडी होतील. इथलं तांबं पार स्वीडनपर्यंत पोचणार आहे, पण त्या पोराला त्याचं काय?

त्याला भूक लागलीये. शेकोटीवर मांस चरचरतंय, तुमच्याही हातात एक बरगडी येते. नखांत हिरवा चिखल तसाच. चोखून झाल्यावर फेकायला जाता, तोच पोरगं हात पुढे करतं. उद्याचं हत्यार आहे ते.