मालवण येथील स्कूबा डायव्हिंग

मालवण येथील स्कूबा डायव्हिंग म्हणजे महाराष्ट्राच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात, मालवणच्या किनाऱ्यालगतच्या उथळ व खडकाळ समुद्रात श्वसनसाधन पाठीवर घेऊन केले जाणारे पाण्याखालील भ्रमण होय. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे पाण्याखालील खडक आणि त्यांवर वाढलेली प्रवाळे हे याचे मुख्य क्षेत्र असून त्यातील बराच भाग मालवण सागरी अभयारण्यात मोडतो. किनाऱ्यापासूनचे अल्प अंतर व कमी खोली यांमुळे पोहता न येणाऱ्या पर्यटकालाही येथे प्रशिक्षकाच्या सोबतीने पाण्याखाली जाता येते. मात्र याच कारणांमुळे येथील जीवसृष्टीला माणसाचा उपद्रवही सहज पोहोचतो.

स्थान व भूरचना

मालवण बंदरासमोरील कुरटे बेटावर छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये सिंधुदुर्ग किल्ल्याचे बांधकाम सुरू केले व ते १६६७ मध्ये पूर्ण झाले. बेटाभोवती पसरलेल्या खडकांमुळे वाटाड्याविना जहाज किल्ल्याजवळ आणणे धोक्याचे असे. जवळच पद्मगड हा लहान किल्ला आहे. एके काळी किल्ल्याचे संरक्षण करणारे हे खडक आज पर्यटकांचे आकर्षण ठरले आहेत.

लक्षद्वीपची बेटे प्रवाळांच्या सांगाड्यांपासूनच घडलेली आहेत. मालवणची रचना याहून वेगळी आहे. येथे मूळ खडक किनाऱ्याचाच असून त्यावर प्रवाळांच्या वसाहती विखुरलेल्या आढळतात. पावसाळ्यात नद्या व खाड्यांतून येणारे गोडे पाणी समुद्राची क्षारता घटवते आणि गाळामुळे तळापर्यंत सूर्यप्रकाश नीट पोहोचत नाही. अशा परिस्थितीत तग धरणारी गोलसर, पसरट वा पत्र्यासारखी वाढणारी प्रवाळेच येथे प्रामुख्याने दिसतात. पोराइट्स, फेवाइट्स व टर्बिनेरिया या त्यांतील काही प्रजाती होत. विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारे १०५ किमी अंतरावर खोल समुद्रात असलेल्या आंग्रिया बँक या बुडीत पठारावर पाणी अधिक स्वच्छ असल्याने प्रवाळांची वाढ समृद्ध आहे. तथापि तेथे जाणे सामान्य पर्यटकाच्या आवाक्यातले नाही.

सागरी जीवसृष्टी

खडकांच्या कपारी लहान माशांना आसरा देतात. फुलपाखरू मासा, पोपट मासा, काळ्या पट्ट्यांचे सार्जंट मेजर मासे, गोब्रा व वाम हे येथे दिसतात. खडकांवर स्पंज, समुद्रफुले व सागरी शैवाल वाढते. सरगॅसम हे तपकिरी शैवाल काही भागांत दाट असते. अनेक खाद्य माशांची पिल्ले अशाच ठिकाणी वाढत असल्याने या खडकांचा पारंपरिक मासेमारीशी जवळचा संबंध आहे.

साधने व पद्धत

स्कूबा म्हणजे पाण्याखाली श्वास घेण्याचे स्वयंपूर्ण साधन. जाक-ईव्ह कुस्तो व एमील गान्यां यांनी १९४३ मध्ये फ्रान्समध्ये विकसित केलेल्या ॲक्वालंगपासून त्याचा आधुनिक प्रसार झाला. टाकीत केवळ प्राणवायू असतो, हा समज चुकीचा आहे. सामान्यतः तीत दाबाखाली भरलेली साधी हवा असते. रेग्युलेटर ही हवा भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्या दाबाने तोंडात पोहोचवतो.

मालवण, दांडी, तारकर्ली व देवबाग परिसरातून पर्यटकांना नौकेने नेले जाते. नवशिक्यास प्रथम तोंडाने श्वास घेणे, कानांवरील दाब कमी करणे व हातांच्या खुणा शिकवतात. पाण्याखाली प्रशिक्षक सतत त्याला धरून असतो. पद्धतशीर शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे प्रशिक्षण केंद्र तारकर्ली येथे आहे.

हंगाम

साधारणपणे ऑक्टोबर ते मे हा डायव्हिंगचा काळ असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत समुद्र तुलनेने शांत व पाणी नितळ असते. तरीही गाळ, लाटा व भरती-ओहोटी यांनुसार दृश्यमानता एकाच आठवड्यात बरीच बदलू शकते. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असल्याने डायव्हिंग बंद असते.

सुरक्षितता

समुद्रात दर १० मीटर खोलीमागे दाब सुमारे एका वातावरणाने वाढतो. १० मीटर खोलीवर छातीत भरून घेतलेली हवा पृष्ठभागावर येताना दुप्पट जागा व्यापू पाहते. त्यामुळे वर येताना श्वास रोखून धरल्यास फुप्फुसांना गंभीर इजा होऊ शकते. कमी खोलीतही हा धोका टळत नाही, कारण पृष्ठभागाजवळच्या काही मीटरांतच हवेचे आकारमान सर्वाधिक वेगाने बदलते. सर्दी असल्यास कानांवरील दाब समतोल होत नाही. दमा, हृदयविकार वा अपस्मार असलेल्यांनी वैद्यकीय सल्ला घेणे आवश्यक असते.

धोका केवळ पाण्याखालीच नसतो. २४ मे २०२२ रोजी तारकर्ली येथे डायव्हिंगहून परतणारी पर्यटकांची नौका उलटून दोघांचा मृत्यू झाला. नौकेत मर्यादेपेक्षा अधिक प्रवासी न घेणे व प्रत्येकाने जीवरक्षक जाकीट घालणे हे डायव्हिंगच्या नियमांइतकेच महत्त्वाचे आहे.

स्थानिक समाज

या किनाऱ्यावर गाबीत समाजाची पारंपरिक मासेमारी चालत आली आहे. १३ एप्रिल १९८७ रोजी सुमारे २९ चौरस किमी क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाल्यावर, उपजीविकेवर निर्बंध येतील या भीतीने मच्छीमारांनी त्याला विरोध केला. पुढे पर्यटन वाढल्यावर मच्छीमार कुटुंबांतील अनेक तरुण नौकाचालक व प्रशिक्षक झाले. खडक जिवंत राहिले तरच मासे टिकतात आणि पर्यटकही येतात. त्यामुळे दोन्ही व्यवसायांचे हित एकाच ठिकाणी गुंतलेले आहे.

संवर्धन

नांगर टाकल्याने वा खडकांवर उभे राहिल्याने प्रवाळे तुटतात. गोलसर प्रवाळांची वाढ वर्षाला सामान्यतः काही मिलिमीटर ते एखाद-दोन सेंटिमीटर इतकीच असल्याने झालेली हानी भरून येण्यास अनेक वर्षे लागतात. छायाचित्रणासाठी पाव किंवा बिस्किटे टाकून मासे जमवल्यास त्यांच्या नैसर्गिक आहारसवयी बदलतात. खडक बांधणारी प्रवाळे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित असून ती तोडणे वा बाळगणे गुन्हा आहे.

पाण्याचे तापमान वाढल्यास प्रवाळांच्या शरीरातील, त्यांना अन्न पुरवणारे एकपेशीय शैवाल बाहेर टाकले जाते व प्रवाळ पांढरे पडते. यास विरंजन म्हणतात. २०१४ नंतरच्या काही वर्षांत मालवण येथे विरंजनाच्या घटना वारंवार नोंदवल्या गेल्या. विरंजित प्रवाळ लगेच मृत होत नाही; तापमान वेळेत उतरल्यास ते सावरू शकते. अशा काळात त्याला होणारा स्पर्श, साचणारा गाळ व नांगराचे आघात टाळणे त्याच्या जगण्याच्या दृष्टीने निर्णायक ठरू शकते. समुद्राचे तापमान स्थानिकांच्या हाती नाही, परंतु हे आघात थांबवणे शक्य आहे. कायम बसवलेल्या बोयांना नौका बांधणे, एका वेळी पाण्यात उतरणाऱ्यांची संख्या मर्यादित ठेवणे आणि पर्यटकांना आधीच सूचना देणे हे त्यासाठीचे मान्य उपाय आहेत.

हे सुद्धा पहा

सिंधुदुर्ग किल्ला
तारकर्ली
आंग्रिया बँक
प्रवाळ