स्टिकरवरचं नाव आणि आतली चिप



शिरूरहून न्हावरे, केडगाव करत चौफुल्याला जो रस्ता जातो, त्याच्या कडेचं आमचं गाव. काही वर्षांपूर्वी आमच्या बचत गटानं हिशोबासाठी जुना कंप्युटर घ्यायचं ठरवलं. दुकानात दोन होते. "ताई, हा घ्या, पेंटियम फोर आहे, तीन गिगाहर्ट्झचा," दुकानदार म्हणाला. दुसऱ्यावर कोअर टू ड्युओ लिहिलेलं, आकडा दोनाच्या आतला. तीन दोनाहून मोठे, एवढं गणित आम्हाला येत होतं. तीनवाला घेतला आणि फसलो. पंखा असा घोंघावायचा की मीटिंगमधलं बोलणं ऐकू येईना. बँकेचं पान उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा. पैसा बायकांच्या बचतीचा, म्हणून जास्त लागलं. चूक कुठं झाली ते कळायला मला या चिपचा इतिहास धुंडाळावा लागला.

प्रोसेसर म्हणजे कंप्युटरमधली हिशोब करणारी चिप. इंटेल कंपनीनं अशी पहिली चिप १९७१ साली विकायला आणली. १९९३ साली त्यांचा पेंटियम आला. तेव्हा ते भारीतलं, महागाचं नाव होतं. मग स्वस्त कंप्युटरची मागणी वाढली, म्हणून १९९८ साली सेलेरॉन काढला. स्वस्त कसा केला? कॅश काढून टाकून. ही पैशातली कॅश नव्हे. आपण कणगीतलं धान्य दळून थोडं पीठ डब्यात भरून चुलीजवळ ठेवतो ना, तसा चिपजवळचा हा डबा. पहिल्या सेलेरॉनला तो डबाच नव्हता, दर भाकरीला उठून माळ्यावर जायचं! लोकांनी नावं ठेवली, आणि त्याच वर्षी कंपनीनं छोटा डबा परत दिला. तो सेलेरॉन मात्र पैसे वसूल करणारा निघाला.

आता गिगाहर्ट्झ. जात्याचे फेरे समजा. एक गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला शंभर कोटी फेरे. पण एका फेऱ्यात किती दळलं जातं, ते हा आकडा सांगत नाही. २००० साली आलेला पेंटियम फोर भराभर फिरावा असाच बनवलेला होता, दर फेऱ्याला दळण कमी. जाहिरातीत आकडा छान दिसायचा. २००४ पर्यंत तो ३.८ वर गेला, आणि चिप इतकी तापू लागली की चार गिगाहर्ट्झचा बेत कंपनीनं सोडून दिला. २००६ साली कोअर टू ड्युओ आला. फेरे कमी, दर फेऱ्याला दळण जास्त, आणि एका चिपमध्ये जाती दोन. १.८६ गिगाहर्ट्झवाला त्यातला साधा नगही तीनवाल्या पेंटियम फोरला मागं टाकायचा, तेही कमी विजेत. आम्ही दुकानात ठेवून आलो तो हाच.

अनेक साध्या चिपकडून मोठं काम करून घ्यायची युक्ती आपल्या पुण्यानं त्याआधीच दाखवली होती. अमेरिकेनं भारताला महासंगणक द्यायला नकार दिला, तेव्हा १९८८ साली पुण्यात सी-डॅक उभी राहिली. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली तिथं परम ८००० तयार झाला. त्यात ट्रान्सप्युटर नावाच्या ६४ ब्रिटिश चिप एकमेकींना जोडल्या होत्या. बचत गटातल्या बाईला यात नवल वाटायचं कारण नाही. अर्थात काम वाटून देता आलं तरच हे जमतं. एकीच्या हातातली पोळी दोघींनी लाटता येत नाही.

२००७ नंतर आणखी एक गंमत झाली. पेंटियम हे भारीतलं नाव इंटेलनं स्वस्त मालाला लावायला सुरुवात केली. त्यामुळं नुसतं "पेंटियम" ऐकून काहीच कळत नाही. २००८ साली छोट्या लॅपटॉपसाठी ॲटम आला. वीज अगदी कमी खायचा, भारनियमनाच्या दिवसांत ते बरं वाटायचं, पण काम संथ. आणि एकाच नावाचा लॅपटॉप अन् डेस्कटॉप सारखा नसतो. २०११ सालचा डेस्कटॉपचा आय-थ्री २१०० हा ३.१ गिगाहर्ट्झचा, तर त्याच पिढीतला लॅपटॉपचा २३१०एम फक्त २.१ चा. लॅपटॉपला बॅटरी जपायची असते आणि अंगही तापू द्यायचं नसतं.

म्हणून आय-थ्री, आय-फाइव्ह म्हटलं की पुढचा आकडा बघावा. चार आकडी असेल तर बहुतेक वेळा पहिला अंक पिढी सांगतो: २१०० दुसऱ्या पिढीचा, ८१०० आठव्या. आठवी पिढी आज महत्त्वाची आहे, कारण इंटेलच्या चिपपैकी विंडोज ११ साधारण तिथून पुढच्यांनाच चालतं, आणि विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा ऑक्टोबर २०२५ मध्ये संपली. बँकेचं काम करायचं यंत्र असेल तर याकडं डोळेझाक करू नका.

गेल्या महिन्यात गटातल्या मुलींसाठी आम्ही पुन्हा जुना लॅपटॉप बघायला गेलो. स्टिकर वाचत बसलो नाही. यंत्र सुरू करायला लावलं, 'धिस पीसी'वर उजवं बटण दाबून प्रॉपर्टीज उघडलं आणि तिथला आकडा वहीत उतरवून घेतला. दुकानदारानं आमच्याकडं एकदा बघितलं आणि आतून दुसरा लॅपटॉप आणला.